पुण्यात प्रॉपर्टी एजंट व्हायचंय? महारेराची नोंदणी नीट समजून घ्या

पुण्यात प्रॉपर्टी एजंट व्हायला पदवी लागत नाही, मोठं भांडवल लागत नाही, मोक्याच्या जागी ऑफिस तर मुळीच लागत नाही. मोबाइल, दुचाकी आणि बोलायची हातोटी एवढ्यावर कित्येकांनी सुरुवात केली आहे. पण बिल्डरच्या नव्या प्रकल्पातला एक जरी फ्लॅट विकून द्यायचा असेल, तर त्याआधी महारेराची, म्हणजे बिल्डर आणि एजंटांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी लागते. आणि नोंदणीच्या आधी प्रशिक्षण आणि परीक्षा. आयटीतली नोकरी सुटलेले, बँकेतून निवृत्त झालेले, गावातल्याच जमिनींचे व्यवहार बघता बघता फ्लॅटकडे वळलेले, असे नाना प्रकारचे लोक या धंद्यात येतात. बहुतेकांच्या मनात नोंदणी म्हणजे दहा हजार भरून मिळणारा एक क्रमांक, एवढंच असतं. खरं तर क्रमांक मिळणं हा त्यातला सोपा भाग. तो तुमच्या कार्डावर छापला गेला की ग्राहकाला तुम्ही काय सांगितलंत आणि काय सांगितलं नाहीत, याचा जाब तुम्हाला विचारता येतो. धंद्यात उतरण्याआधी हे कुणीतरी समजावून सांगायला हवं, म्हणून हा लेख.

नोंदणी कुणाला लागते

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम २०१६ साली आला आणि १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. बोलताना आपण सगळे त्याला रेराच म्हणतो. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी महारेरा हे प्राधिकरण करतं. त्याचं मुख्यालय मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आहे, पुण्यातही कार्यालय आहे. पण एजंटाचा अर्ज ऑनलाइनच होतो, त्यासाठी कुठे खेटे घालावे लागत नाहीत.

या कायद्यातली एजंटाची व्याख्या फार ऐसपैस आहे. घेणारा आणि विकणारा यांची कोणत्याही माध्यमातून गाठ घालून देऊन त्याबद्दल फी, कमिशन किंवा कसलाही मोबदला घेणारा तो एजंट. त्याला दलाल म्हणा, ब्रोकर म्हणा, मध्यस्थ म्हणा किंवा हल्लीच्या भाषेत चॅनल पार्टनर म्हणा, कायद्याला नावाशी देणंघेणं नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नव्या प्रकल्पाचं ब्रोशर टाकायचं आणि बुकिंग झालं की बिल्डरकडून पैसे घ्यायचे, असं करणाराही यात येतो. «मी काय एजंट नाही, ओळखीपाळखीत करतो» हे उत्तर तिथे चालत नाही.

आता कलम ९ बघा. महारेराकडे नोंदलेल्या प्रकल्पातला फ्लॅट, दुकान किंवा प्लॉट बिल्डर विकत असेल, तर त्या विक्रीत मदत करणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन आणि आठपेक्षा जास्त फ्लॅट असले की प्रकल्पाला नोंदणी करावी लागते, म्हणजे पुण्यात आज ज्यांची होर्डिंग दिसतात ते जवळपास सगळेच यात आले. एखाद्या जुन्या सोसायटीतला फ्लॅट मालक स्वतः विकतोय, म्हणजे रीसेल, किंवा कोथरूडचा वन बीएचके भाड्याने द्यायचाय, तर हे कलम लागू होत नाही. त्यामुळे भाड्याची कामं करणारे अनेक जण नोंदणीशिवाय काम करतात आणि त्यात बेकायदा काही नाही.

तरीही माझं मत असं, की पुण्यात या धंद्यात राहायचं असेल तर नोंदणी घेऊनच सुरुवात करावी. भाड्याने राहणारं जोडपं दोन वर्षांनी तुमच्याकडेच नव्या प्रकल्पाची चौकशी करत येतं. त्या वेळी नोंदणी नसेल तर तो ग्राहक दुसऱ्याच्या हातात द्यावा लागतो, नाहीतर मागच्या दाराने ब्रोकरेज घ्यावं लागतं. हा दुसरा मार्ग किती महाग पडतो ते पुढे येईलच.

एकदा मिळालेली नोंदणी संपूर्ण महाराष्ट्राला चालते. पुण्याचा एजंट नाशिकला, नागपूरला, सिंधुदुर्गात नव्या प्रकल्पातली विक्री करू शकतो. गोव्यातला प्रकल्प विकायचा असेल तर मात्र गोवा रेराची वेगळी नोंदणी हवी. कोकणातून पुढे सरकत गोव्यातली सेकंड होम विकणाऱ्या पुणेकर एजंटांनी हे लक्षात ठेवावं.

नोंदणीशिवाय विकलं तर

कलम ६२ प्रमाणे नोंदणी न घेता काम केल्यास दिवसाला दहा हजार रुपये दंड, आणि तो वाढत वाढत विकलेल्या मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. बाणेरचा ८० लाखांचा फ्लॅट धरा. पाच टक्के म्हणजे चार लाख. रोजचे दहा हजार या हिशेबाने चाळीस दिवसांत तिथवर पोचता. त्याच फ्लॅटवर दोन टक्क्यांनी ब्रोकरेज मिळालं असेल एक लाख साठ हजार. अडीचपट दंड. हे गणित कागदावर मांडून दाखवलं की नोंदणीचे दहा हजार कुणाला जड वाटत नाहीत.

प्रशिक्षण आणि परीक्षा

पहिली पाच-सहा वर्षं महारेराची नोंदणी अर्ज आणि फी भरून मिळत होती. त्यामुळे कार्पेट एरिया म्हणजे काय हेही धड सांगता न येणारे नोंदणीकृत एजंट तयार झाले. जानेवारी २०२३ मध्ये महारेराने प्रशिक्षण आणि क्षमता प्रमाणपत्राची अट घातली. आधीपासून नोंदणी असलेल्यांनाही ती लागू झाली. त्यांची मुदत वाढत वाढत १ जानेवारी २०२४ पर्यंत गेली. तरीही ज्यांनी प्रमाणपत्र मिळवलं नाही अशा सुमारे वीस हजार एजंटांची नोंदणी २०२४ मध्ये महारेराने एका वर्षासाठी स्थगित केली. राज्यात तोवर एकूण सत्तेचाळीस हजारांच्या आसपास एजंट नोंदले गेले होते, त्यावरून हा आकडा किती मोठा आहे ते कळेल. महारेरा हे प्रकरण गांभीर्याने घेणार नाही असं समजून अनेक जण स्वस्थ बसले होते.

क्रम असा: आधी मान्यताप्राप्त संस्थेत वीस तासांचं प्रशिक्षण, मग ऑनलाइन परीक्षा, मग प्रमाणपत्र, आणि ते हातात आल्यावर नोंदणीचा अर्ज. प्रशिक्षणाच्या आखणीत अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था महारेराबरोबर होती. परीक्षा आयबीपीएस घेते, म्हणजे बँकांच्या भरती परीक्षा घेणारी तीच संस्था. प्रश्न बहुपर्यायी असतात, संगणकावर सोडवायचे. पहिली परीक्षा मे २०२३ मध्ये झाली आणि बसलेल्यांपैकी सुमारे ९६ टक्के उत्तीर्ण झाले. तेव्हा परीक्षेची धास्ती घ्यायचं कारण नाही. पण पास होण्यापुरतं पाठ करून विसरून गेलात तर त्या वीस तासांचा काही उपयोग नाही, कारण तिथे जे शिकवतात तेच उद्या ग्राहकासमोर लागणार असतं.

अभ्यासाचा गाभा म्हणजे रेरा कायद्यातली मोजकी कलमं. बिल्डर करारनाम्याची नोंदणी होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही, हे कलम १३. ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्च करायचे, हे कलम ४. ताबा वेळेत दिला नाही तर ग्राहकाला व्याजासह पैसे परत मागता येतात किंवा थांबायची तयारी असेल तर विलंबाचं व्याज घेता येतं, हे कलम १८. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा, हे कलम १४. एवढं ज्याला नीट समजलं त्याचा अर्धा अभ्यास झाला.

अर्जाला काय लागतं

पॅन, आधार, फोटो, व्यवसायाच्या जागेचा पुरावा, मागच्या तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं किंवा ती भरायची गरज नव्हती असं घोषणापत्र, क्षमता प्रमाणपत्र. तुमच्यावर कुठे फौजदारी खटला चालू असेल तर त्याचा तपशील. आणि एक गोष्ट जी नवख्यांना चकित करते: तुम्ही वापरणार असलेलं लेटरहेड, रबरी शिक्का आणि पावतीचा नमुना. घाईत कुठलं तरी लेटरहेड बनवून अपलोड करू नका. पुढे ग्राहकाशी वाद झाला, तर तुम्ही दिलेली पावती या नोंदवलेल्या नमुन्याशी जुळते का, हे बघितलं जाऊ शकतं.

फी व्यक्तीला दहा हजार रुपये, भागीदारी फर्म किंवा कंपनीला एक लाख. नवख्या माणसाने सरळ स्वतःच्या नावाने नोंदणी घ्यावी. दोन मित्र मिळून सुरू करत असतील तर दोघांनी वेगवेगळी घ्यावी, आणि काम वाढल्यावर फर्मचा विचार करावा. फर्म केली म्हणून प्रशिक्षणातून सुटका होत नाही. ग्राहकासमोर बसून माहिती देणाऱ्याला ते हवंच. अर्ज तपासून प्राधिकरण नोंदणी देतं किंवा त्रुटी कळवतं. नोंदणीची मुदत पाच वर्षं. पुण्यातल्या जुन्या एजंटांचे क्रमांक ए आणि पुढे ५२१ असे सुरू होतात.

प्रमाणपत्र ऑफिसात दिसेल असं लावायचं, आणि क्रमांक प्रत्येक जाहिरातीत, प्रत्येक कागदावर लिहायचा. प्रकल्पाच्या जाहिरातीत प्रकल्पाचा महारेरा क्रमांक हवाच, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. इन्स्टाग्रामवरची रील हीसुद्धा जाहिरातच. विक्री तुमच्यामार्फत झाली असेल तर वाटपपत्रात आणि करारनाम्यात तुमचं नाव आणि नोंदणी क्रमांक येतो. हे नक्की येतंय का ते स्वतः बघा. ब्रोकरेजचा तगादा लावायची वेळ आली तर यापेक्षा भक्कम पुरावा नाही.

क्रमांक मिळाल्यावर खरं काम

कलम १० मध्ये एजंटाची कर्तव्यं आहेत. त्यातली दोन मी ठळक करून सांगेन. एक, नोंदणी आवश्यक असूनही जो प्रकल्प नोंदलेला नाही त्याची विक्री करायची नाही. दोन, बुकिंगच्या वेळी ग्राहकाला ज्या माहितीचा आणि कागदांचा हक्क आहे ते सगळं त्याच्या हातात पडेल अशी व्यवस्था करायची. दुसऱ्या कर्तव्याकडे फार दुर्लक्ष होतं. साइट व्हिजिट, सॅम्पल फ्लॅट, चहा, «आजच टोकन दिलं तर फ्लोअर राइज (वरच्या मजल्याचा जादा दर) माफ», आणि घरी जाताना ग्राहकाच्या हातात फक्त गुळगुळीत ब्रोशर. कागद कुणीच दाखवलेले नसतात.

महारेराच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रकल्पाचं पान असतं. ग्राहकाला घेऊन ते पान मोबाइलवर उघडा आणि शेजारी बसून वाचा. पहिल्यांदा पूर्णत्वाची तारीख बघा. सेल्स ऑफिसात दोन तारखा फिरत असतात, «टार्गेट पझेशन» आणि «रेरा पझेशन». टार्गेट डिसेंबर २०२७ आणि पानावर जून २०२९, असा दीड वर्षाचा फरक सर्रास सापडतो. ग्राहक भाडं आणि हप्ता दोन्ही भरणार असेल, तर ही अठरा महिन्यांची भाडी त्याच्या हिशेबात धरायला हवीत. कायद्याने दाद मागायची झाली तर करारनाम्यातली तारीख मोजली जाते, सेल्स ऑफिसात तोंडी सांगितलेली नाही. तारीख आधी एकदा वाढवून घेतली असेल तर तेही तिथेच दिसतं.

मग क्षेत्रफळ. पानावर कार्पेट चौरस मीटरमध्ये असतं, ब्रोशरमध्ये चौरस फुटात. ६२ चौरस मीटर म्हणजे सुमारे ६६७ चौरस फूट. ब्रोशरवर ७८० लिहिलेलं दिसलं तर मधले एकशे तेरा फूट कुठून आले ते विचारा; बहुधा बाल्कनी, ड्राय बाल्कनी, टेरेस मिळवून «युजेबल» म्हणून सांगितलेले असतात. रेराच्या कार्पेटमध्ये घरातल्या आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि टेरेस धरत नाहीत. ग्राहकाला हे तुम्ही सांगितलंत तर तो तुमच्यावर विश्वास ठेवतो. दुसऱ्याने सांगितलं तर तुमच्यावरचा विश्वास उडतो.

त्यानंतर बांधकाम परवानगी कितव्या मजल्यापर्यंत आहे ते. बावीस मजल्यांची इमारत दाखवतात आणि परवानगी चौदापर्यंतच आलेली असते. तुमचा ग्राहक एकोणिसावा मजला बुक करत असतो. जमिनीवर बँकेचा बोजा आहे का, न्यायालयात दावा आहे का, हेही त्या पानावर जाहीर करावं लागतं. बोजा असणं म्हणजे फसवणूक नव्हे, बहुतेक मोठे प्रकल्प कर्ज काढूनच उभे राहतात. पण बँकेचं ना हरकत पत्र लागेल, हे ग्राहकाला बुकिंगच्या आधी माहीत हवं. बिल्डरने दर तिमाहीला माहिती अद्ययावत करायची असते. ती वर्षभर केलेली नसेल तर मी तरी त्या प्रकल्पात ग्राहक नेणार नाही.

हद्दीचा प्रश्न पुण्यात खास महत्त्वाचा. वाघोली आणि मांजरीसकट तेवीस गावं २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. त्याआधी २०१७ मध्ये अकरा गावं आली होती. त्यातल्या फुरसुंगी आणि उरुळी देवाचीची पुढे वेगळी नगरपरिषद झाली. रावेत, ताथवडे, मोशी पिंपरी-चिंचवडमध्ये. हिंजवडीत ग्रामपंचायत, एमआयडीसी आणि पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) अशा तीन संस्थांची कामं एकमेकांत गुंतलेली. नकाशा कुणी मंजूर केला, मिळकत कर कुणाला जाणार, पाणी नळाचं की टँकरचं, हे सगळं हद्दीवर ठरतं. «महापालिकेचं पाणी येणारच आहे» हे वाक्य तोंडातून काढण्याआधी ते कधी, कुठल्या योजनेतून आणि कुठल्या कागदावर, हे स्वतःला विचारा. उंड्री-पिसोळीकडे उन्हाळ्यात सोसायट्यांचं टँकरचं बिल काय येतं ते तिथल्या कुणालाही विचारा, म्हणजे या प्रश्नाचं वजन कळेल.

आणि एकूण खर्च. पुणे महापालिका हद्दीतला बांधकाम चालू असलेला ८० लाखांचा फ्लॅट घेऊ. मुद्रांक शुल्क सात टक्के, यात मेट्रो अधिभार आला: पाच लाख साठ हजार. फ्लॅट फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सूट, म्हणजे चार लाख ऐंशी हजार. नवरा-बायको दोघांची नावं असतील तर ही सूट मिळत नाही, आणि हे चुकीचं सांगणारे एजंट मी सर्वात जास्त पाहिलेत. दस्त नोंदणीची फी तीस हजार. जीएसटी पाच टक्के, चार लाख. म्हणजे संयुक्त नावावर ८९ लाख ९० हजार, आणि सोसायटीचा देखभाल निधी, वीजजोडणी वगैरे अजून बाकीच. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या इमारतीत तयार फ्लॅट घेतला तर जीएसटी नाही. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटची किंमत ४५ लाखांपर्यंत आणि कार्पेट ९० चौरस मीटरपर्यंत असेल तर जीएसटी एकच टक्का. मुंबईला हीच मर्यादा ६० चौरस मीटर आहे, कारण या नियमापुरतं पुणे महानगरात मोडत नाही. मुद्रांक शुल्क करारातली किंमत किंवा रेडीरेकनर (सरकारने ठरवलेल्या दराने येणारी किंमत) यांतल्या जास्त रकमेवर लागतं. पन्नास लाख किंवा त्यावरच्या किमतीला ग्राहकाने बिल्डरला पैसे देताना एक टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. हा वेगळा खर्च नाही, बिल्डरला द्यायच्या पैशांतूनच तो जातो.

पैसे कुठे जातात त्यावर लक्ष ठेवा. १ जुलै २०२४ पासून प्रत्येक प्रकल्पाला तीन बँक खाती ठेवावी लागतात आणि ग्राहकाची रक्कम आधी कलेक्शन खात्यातच जमा व्हायला हवी. टोकनचा चेक त्याच खात्याच्या नावाने. एजंटाने टोकन स्वतःच्या खात्यात घेणं, मग ते पन्नास हजार का असेनात, हा मला तरी गुन्ह्याइतकाच गंभीर प्रकार वाटतो. बुकिंग रद्द झालं की आधी तेच पैसे अडकतात. ८० लाखांच्या फ्लॅटला करारनाम्याआधी आठ लाखांपेक्षा जास्त मागत असतील तर ग्राहकाला तिथेच थांबवा. उघड्या जागेतलं पार्किंग विकत देतो म्हणत असतील तरीही थांबवा. ती सामाईक जागा आहे, विकता येत नाही.

प्लॉटच्या मागे लागलेल्यांसाठी

मुळशी, मावळ, पुरंदर, खेड या पट्ट्यात «एनए (बिगरशेती) प्लॉट», «फार्महाऊस प्लॉट», «गुंठेवारी» अशा जाहिराती भरपूर. प्लॉटवर ब्रोकरेज फ्लॅटपेक्षा जास्त मिळतं, म्हणून नवखे तिकडे ओढले जातात. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडून विकायचे तर त्या लेआउटला महारेराची नोंदणी लागते. शेतजमीन गुंठ्या-गुंठ्याने विकायची, सातबाऱ्यावर दहा-बारा जणांची नावं एकत्र चढवायची आणि आत चुन्याच्या रेघा मारून ज्याचा त्याचा तुकडा दाखवायचा, हा प्रकार वर्षानुवर्षं चालत आला आहे. घेणाऱ्याला तिथे घर बांधायची परवानगी मिळत नाही, कर्ज मिळत नाही, आणि पुढे विकायला गेला की बाकीच्यांच्या सह्या लागतात. मंजूर लेआउट, एनए झाल्याचा कागद, पोचरस्त्याचा हक्क आणि महारेरा क्रमांक, यांतलं एक जरी नसेल तरी तो प्लॉट विकू नका. रिटायरमेंटचे पैसे घालणारी माणसं असतात समोर.

ब्रोकरेज कसं आणि कधी येतं

ब्रोकरेजचा दर महारेरा ठरवत नाही. पुण्यात भाड्याला साधारण एक महिन्याचं भाडं, रीसेलला एक ते दोन टक्के, नव्या प्रकल्पात बिल्डर दोन-तीन टक्के देतो आणि विक्री अडली असेल तर त्याहून जास्तही. जिथे दर अचानक सहा-सात टक्के झालेला दिसतो तिथे आधी प्रकल्पाचं पान पुन्हा वाचा.

८० लाखांवर दोन टक्के, एक लाख साठ हजार. जीएसटी नोंदणी असेल तर अठरा टक्क्यांनी २८,८०० त्यात मिळवून बिल करायचं एक लाख ८८ हजार ८०० रुपयांचं. बिल्डर दोन टक्के टीडीएस, म्हणजे ३,२०० कापतो. खात्यात येतात एक लाख ८५ हजार ६००, आणि त्यातले २८,८०० सरकारचे. वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी सक्तीची. त्याच मर्यादेपुढचे एजंट डिसेंबर २०२० पासून मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखालीही येतात, म्हणजे ग्राहकाची केवायसी आणि व्यवहाराच्या नोंदी जपून ठेवणं आलं.

हे पैसे बुकिंगच्या दिवशी मिळत नाहीत. करारनामा नोंदला गेला, ग्राहकाचं कर्ज मंजूर होऊन ठरलेली टक्केवारी बिल्डरकडे जमा झाली, की मग बिल पास होतं. तीन-चार महिने सहज जातात. पहिल्या सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवल्याशिवाय नोकरी सोडू नका, असं मी प्रत्येकाला सांगतो. साइटवर नेण्याआधी ग्राहकाचं नाव तुमच्या नावाने टॅग करून घ्या, मेलवर किंवा बिल्डरच्या अॅपवर, लेखी. तोंडी टॅगिंगवर विसंबलात की दुसरा एजंट त्याच ग्राहकावर हक्क सांगतो आणि त्या भांडणात कित्येकांचं अख्खं ब्रोकरेज बुडतं. बिल्डरबरोबरचा करारही वाचून सही करा: ग्राहकाने बुकिंग रद्द केलं तर घेतलेलं ब्रोकरेज परत करायचं का, हे त्यातल्या एखाद्या बारीक ओळीत लिहिलेलं असतं.

एजंटाविरुद्ध ग्राहक थेट महारेराकडे तक्रार करू शकतो. तक्रारीची फी पाच हजार रुपये. खोटी माहिती देऊन किंवा फसवून नोंदणी मिळवली असेल, किंवा नियम मोडले असतील, तर नोंदणी रद्द होते. म्हणून ग्राहकाला काय काय पाठवलं त्याची प्रत स्वतःकडे ठेवायची सवय पहिल्या व्यवहारापासून लावा: प्रकल्पाच्या पानाची त्या दिवशीची पीडीएफ, खर्चाचा कागद, ताब्याच्या तारखेबद्दलचा संदेश. पाच वर्षांनी नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी दोन-तीन महिने हातात ठेवून करा. तो राहून गेल्यामुळे नोंदणी गमावलेल्यांची संख्या महाराष्ट्रात हजारांत आहे.